अर्धा चमचा, पाण्यातून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तालमीतल्या दोस्तांना नाही. ज्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं, त्यांनाही मी निम्मंच सांगितलं होतं. आज पूर्ण सांगायचं ठरवून बसलोय. मध्येच मी विषय बदलायला लागलो तर ओळखा — ती माझी जुनी खोड आहे.

विषय तसा चारचौघांत हसण्यावारी नेण्यासारखा. पोटातला गॅस, ढेकर, गुडगुड आणि सकाळी सकाळी संडासाकडे धाव. हसू आलं? येऊ द्या. मीही या विषयावर पुष्कळ हसलोय आणि दुसऱ्यांना हसवलंय. ते हसणं पुढे अंगाशी आलं. माझ्या अंगाशी आलं असतं तर बरं होतं.

मी सोलापुरात, पूर्व भागात, एक लहानशी व्यायामशाळा चालवतो. दोन खोल्या, वर पत्रा. सकाळी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना मैदानावर पळवायचं, संध्याकाळी लोखंड उचलणाऱ्यांवर ओरडायचं, हा माझा दिवस. वय सेहेचाळीस. आवाज मोठा आहे, दंड त्याहून मोठे. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी माणूस आधी अंदाज घेतो, मग बसतो. आणि अशा या माणसाला दूध पचत नाही. पेलाभर दूध पोटात गेलं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगतं, कळा येतात आणि मग — पुढचं तुम्हाला कळलंच.

एवढंच? तुम्ही म्हणाल, यात कबुली कसली? दूध कित्येकांना पचत नाही. बरोबर आहे, न पचणं हा काही गुन्हा नाही. पण मी ते लपवलं. आणि लपवण्यासाठी एका मुलीला — थांबा. क्रमाने सांगतो. क्रम सोडला की मी पळ काढेन.

आम्ही मूळचे वैरागचे. वडिलांना कुस्तीचं वेड. स्वतःची कुस्ती गुडघ्याने संपवली, म्हणून मला अठराव्या वर्षी सोलापूरच्या एका तालमीत आणून सोडलं. त्या तालमीत एक रिवाज होता. नवा गडी आला की पहिल्या शनिवारी, मारुतीपुढे नारळ फोडून झाला की, त्याने वस्तादांसमोर मांडी घालून बसायचं आणि तांब्याभर म्हशीचं दूध एका दमात प्यायचं. बाकीचे सगळे भोवती उभे. वस्ताद मिशीवरून बोट फिरवत बघायचे आणि म्हणायचे, "ज्याला दूध पचंना, त्याला माती काय पचणार हाय?" हे वाक्य त्या भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. मी प्यायलो. तांब्या उलटा करून दाखवला. पाठीवर थापा पडल्या. वडिलांचे डोळे भरून आले होते, ते अजून आठवतं. पाऊण तासाने मी तालमीमागच्या संडासात कडी लावून बसलो होतो, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

तिथून माझं खोटं सुरू झालं. त्यानंतर रोजचा तांब्या मी हातात घेऊन मागच्या अंगणात जायचो — म्हणे मला मोकळ्या हवेत प्यायला आवडतं — आणि तालमीतल्या मोत्या नावाच्या कुत्र्यापुढे ओतायचो. वर्षभरात मोत्या असा सुटला की येणारे-जाणारे विचारायचे, हा कुठल्या गटात खेळतो? माझा खुराक म्हणजे भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं, अंडी आणि भिजवलेले शेंगदाणे. अंग त्याच्यावरच झालं. पण नाव झालं ते दुधाचं. "हा दोन-दोन तांबे रिचवतो." मी मान हलवायचो. खोटं एकदा अंगाला लागलं की ते काढताना कातडं सोलतं, म्हणून आपण काढतच नाही. खरं ना?

पुढे कुस्ती सुटली, व्यायामशाळा काढली आणि प्रोटीन पावडरचे डबे आले. ही पावडर बहुतेक दुधातूनच काढलेली असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. डब्यावरचा दंडवाला माणूस बघून मीही आणली आणि रुबाबात तीन मोठे चमचे अर्ध्या लिटर दुधात घुसळून, उपाशी पोटी घेतले. म्हटलं, दूध नाही पचत तर नाही, पावडर तर औषधासारखी असेल. दोन तासांनी मी व्यायामशाळेतला पंखा पाचावर करून, भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि कुणी जवळ येऊ नये म्हणून सगळ्यांवर विनाकारण खेकसत होतो. तेव्हा मी साधारण तिशीत होतो.

मग मी एका डॉक्टरांकडे गेलो. आपल्या भागातल्या नाही — मुद्दाम रेल्वेने कुर्डुवाडीला जाऊन, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा डॉक्टरांकडे. केवढा आटापिटा! ते हसले नाहीत. म्हणाले, दुधात एक साखर असते, ती मोठेपणी अनेकांच्या आतड्यांना पचवता येत नाही. तुमच्या पावडरीत ती असणार, वर दुधात कालवता म्हणजे दुप्पट. त्यात काही डब्यांत गोडीसाठी घातलेले पदार्थही पोट फुगवतात. आजार म्हणण्यासारखं काही नाही, फक्त पोटाचं ऐका. मी घरी येऊन ऐकलं. अर्धा चमचा, पाण्यातून, तोही जेवण झाल्यावर. गटागटा नाही, घोट-घोट. घुसळल्यावर फेस बसू द्यायचा, नाहीतर ती हवाही पोटात जाते. दिवसभर पाणी जास्त. आठवडाभर त्रास झाला नाही तरच पाऊण चमचा. आणि डबा विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचायची. दुधातली साखर काढून टाकलेला प्रकार मिळतो, नाहीतर वाटाण्याचा किंवा सोयाबीनचा मिळतो. पंधरा दिवसांत माझं पोट शांत झालं.

म्हणजे तिशीतच मला सगळं कळलं होतं. हे लक्षात ठेवा. मीही लक्षात ठेवूनच लिहितोय.

आता सांगा, हे मी माझ्या पोरांना सांगायला नको होतं? पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या मास्तरला दूध पचत नाही? की तो तांब्या मोत्याने प्यायला? संध्याकाळी व्यायामशाळेत जुने तालमीवाले दोस्त गप्पांना येऊन बसत. त्यांच्यासमोर मी माझी अर्ध्या चमच्याची बाटली घ्यायचो आणि म्हणायचो, तीन चमचे, फुल दुधातून. पाण्यात कालवलेली पावडरही लांबून दुधासारखीच दिसते. कुणाचं पोट बिघडलं की मी म्हणायचो, "पावडर लागू पडायलीय. सवय होईल." सगळेच मास्तर असं म्हणतात. फरक एवढाच की बाकीच्यांना ते खरं वाटत होतं.

अंबिका माझ्याकडे आली ती सहा वर्षांपूर्वी. तेलुगू बोलणारं विणकरांचं घर. वडील चादरीच्या कारखान्यात होते, ते गेले. आई घरी विड्या वळायची. अंबिका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती आणि धाकटी बहीण रेणुका तेव्हा शाळेत. अंबिकाचं वय भरतीच्या अटीला टेकलं होतं; अर्ज भरता येईल अशी ही शेवटची भरती. हैदराबादकडचं एक स्थळ घरात येऊन बसलं होतं आणि आईने सांगून ठेवलं होतं — झाली पोलीस तर झाली, नाही तर मग आमचं ऐकायचं. सकाळी मैदान, मग दिवसभर शिलाई, परत संध्याकाळी गोळाफेक. आठशे मीटर म्हणजे आमच्या मैदानाचे दोन फेरे. ती दुसऱ्या फेऱ्याला वेग वाढवायची. बाकीच्या पोरी तेव्हा कमरेवर हात ठेवायला लागलेल्या असत. पोलीस होणार ही, असं मी पहिल्या आठवड्यातच म्हटलं होतं.

तिचा गोळा मात्र कमी पडायचा. अंगात ताकद कमी होती. ती विचारायला आली, तेव्हा दोस्तमंडळी बाकावर बसलेली होती. मी म्हटलं, पावडर चालू कर. तीन चमचे, दुधातून, पहाटे उपाशी पोटी. आणि पुढे एक वाक्य जोडलं — मी स्वतः असंच घेतो.

तिने कारखान्याच्या पगारातून डबा आणला. पाचव्या-सहाव्या दिवशी मला बाजूला घेऊन, मान खाली घालून म्हणाली, "सर, पोट लई फुगायलंय. कारखान्यात बसवंना." एका मुलीला असल्या गोष्टी पुरुषमाणसाला सांगताना काय वाटलं असेल? मला तेव्हाही कळलं होतं. आणि त्या क्षणी बाकावर कुणीसुद्धा नव्हतं. आम्ही दोघंच होतो. तरी मी म्हटलं — पावडर लागू पडायलीय. कारण आज तिला अर्धा चमचा सांगितला तर उद्या ती विचारणार, मग तुम्ही तीन कसे घेता? खोट्याला एकांत मिळाला तरी ते खोटंच बोलतं.

ती घेत राहिली. सांगितलेलं मोडायचं नाही, हा तिचा स्वभाव. कारखान्यात सारखी उठते म्हणून मुकादम बोलायचा. दुपारचं जेवण तिने सोडलं, म्हणजे पोट जरा हलकं राहील. दुसऱ्या फेऱ्यातला तिचा वेग उतरायला लागला. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घड्याळ माझ्याच हातात होतं. रोज आकडा बघायचो आणि म्हणायचो, जोर लाव. ती जोर लावायची. हे असं दोन महिने चाललं.

आता ग्राउंडचा, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीचा दिवस. इथवर आलोय तर थांबणार नाही.

मुलींना पहाटे साडेपाचला बोलावलं होतं. आत फक्त उमेदवार, बाकीचे फाटकाबाहेर. मी तिथे होतो, तालमीतले दोन जुने दोस्त होते. त्यांच्या पुतण्या-भाच्याही त्याच दिवशी होत्या. अंबिका रांगेतून निघून माझ्याकडे आली. हातात पावडर घुसळायची बाटली, भरलेली. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाली, "सर, कालपासनं पोटात गुडगुड करायलंय. आज न घेता पळू का?"

तिने स्वतःच उत्तर शोधलं होतं. तिच्या पोटाने तिला सांगितलं होतं आणि तिने ऐकलंही होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. पण दोस्त ऐकत होते. त्यातला एक हसून म्हणाला, "मास्तर तर तीन-तीन मारतोय, आणि ह्याची चेली भ्यायली बघ की बे!" दुसराही हसला. आणि मी — मी त्या दोघांकडे बघत, तिच्याकडे न बघता म्हणालो, "भीती डोक्यात असते, दुधात नसते. घे. पूर्ण घे."

दोघांनी दाद दिली. वाक्य छान जमलं होतं. मला ते जमल्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. अंबिकाने तिथेच उभ्या-उभ्या बाटली संपवली, तोंड पुसलं, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि आत गेली.

पहिला फेरा ती पुढे होती. आम्हाला जाळीतून दिसत होतं. दुसऱ्याच्या वळणावर तिने पोट धरलं, चार पावलं वाकून चालली, मग पळायचा प्रयत्न केला, मग मार्ग सोडून बाहेर आली. एका महिला पोलिसाने तिला धरून संडासाकडे नेलं. ती परत आली तेव्हा पुढची तुकडी पळत होती. आठशे मीटरला गुण शून्य. दोस्त म्हणाले, नशीब. मी म्हणालो, हो ना, नशीब.

इथे थांबलो असतो तरी पुरेसा नीच ठरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी तिची आई व्यायामशाळेत आली. विड्यांची तंबाखू बोटांना तशीच लागलेली, डोळे सुजलेले. तिने मला दोष दिला नाही. फक्त विचारलं, असं कसं झालं हो सर? अन् मी तिला काय सांगितलं? मी म्हणालो, "आदल्या दिवशी बाहेरचं काही खाल्लं असेल." आदल्या दिवशी त्यांच्या चुलतघरात हळद होती. अंबिकाने तिथे जेवण केलं होतं — दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर. आईला धागा सापडला. मी तो तिच्या हातात दिला होता.

त्या घरात मग हेच वाक्य ठरलं — हिला तोंडाला ताबा नाही, म्हणून नोकरी गेली. हैदराबादच्या स्थळाने मात्र कुठून तरी ऐकलं की मुलीचं पोट आजारी आहे, आणि त्यांनी पाय मागे घेतला. अंबिका शिलाईवर परत गेली. रस्त्यात भेटली की स्वतःच म्हणायची, "माझंच चुकलं सर. हावरटपणा केला काय की." मी म्हणायचो, जाऊ दे. किती मोठ्या मनाने म्हणायचो!

दोनेक वर्षांनी त्यांच्याच समाजातल्या एका लग्नात मी तिला पंगतीत पाहिलं. शेजारी बसलेल्या बायका जेवत होत्या. ती पान वाढू देत होती, आणि प्रत्येक पदार्थाला बोट लावून पान तसंच ठेवत होती. वाढणारा आग्रह करायला लागला तशी तिची आईच म्हणाली, नको तिला, ती बाहेरचं खात नाही. मी समोरच्या रांगेत होतो. मी जेवलो. दोनदा जिलेबी घेतली. आज तोंडात ती चव आली तर उलटी होते की काय असं वाटतं, पण त्या दिवशी मी जेवलो.

गेल्या वर्षी ती रेणुकाला घेऊन आली. धाकटी आता पदवीधर, अंगाने थोरलीपेक्षा भक्कम. अंबिका म्हणाली, "सर, माझ्यासाठी तुमी लई केलात. हिच्याकडं पण तसंच बघा." तसंच. तिला काय म्हणायचं होतं आणि मला काय ऐकू आलं!

रेणुकाला मी तसं केलं नाही. पहिल्या दिवशी वही काढायला लावली आणि एकेक गोष्ट लिहून घेतली. आधी घरचं खाणं — डाळ, मटकी, अंडी, शेंगदाणे, भाकरी. तेवढ्यावर अंग भरत असेल तर डबा आणूच नकोस. आणलास तर अर्धा चमचा, पाण्यातून, जेवल्यावर. पळायच्या आधी कधीच नाही. पोट फुगलं, कळ आली, तर दुसऱ्या दिवशी बंद; "सवय होईल" असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकायचं नाही — मी म्हणालो तरी नाही. चार-आठ दिवस बंद करूनही त्रास राहिला तर डॉक्टर. ग्राउंडच्या आठवडाभर आधी सगळं थांबवायचं, आणि त्या सकाळी रोजचंच, सवयीचंच हलकं काहीतरी खायचं. नवं काही नाही. तिला हे सांगितलं आणि मग सगळ्या तुकडीलाच सांगायला लागलो. भिंतीवर रंगवून घेतलं. जुने दोस्त म्हणाले, मास्तर म्हातारा झाला. म्हणू दे म्हटलं. पण हे सांगताना मी एकदाही म्हणालो नाही, की मला हे कसं कळलं. लोक समजले, मास्तरचा अभ्यास वाढला.

रेणुका यंदा निवडली गेली. दुसऱ्या फेऱ्यात तिने अंबिकासारखाच वेग वाढवला.

मागच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. आईने नवं लुगडं नेसलं होतं, विड्यांचं सूप कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. पेढे झाले. रेणुका शेजारच्यांना पेढे द्यायला बाहेर गेली आणि आई आत चहाला. खोलीत मी आणि अंबिका. तिने फळीवरून रेणुकाची ती वही काढली. पान उघडलं. तिने ते बऱ्याच वेळा वाचलं असावं. कागद मऊ पडला होता. त्यावर बोट ठेवून, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "सर, हे तुमाला कवा कळलं?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. तसा असता तर कदाचित मी रागावलो असतो, आणि रागात खरं बाहेर पडलं असतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. सहा वर्षं स्वतःला हावरट म्हणून घेतलेल्या बाईला एवढंच समजायचं होतं, की तिच्या वेळेला हे कुणालाच माहीत नव्हतं का.

मी म्हणालो, "अलीकडंच. वर्ष झालं असंल. नवीन माहिती आलीय."

तिने वही मिटली. म्हणाली, "बरं झालं सर. रेणुकाच्या वेळेला तरी कळलं." आणि ती हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मग आई चहा घेऊन आली, बिनदुधाचा. मी तसाच घेतो असं मी कधीचं सांगून ठेवलं होतं. मी चहा पिऊन घरी आलो.

तो रविवार झाल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. फाटकावर मी भेकड होतो, तिच्या आईसमोर मी नीच होतो, पण तेव्हा निदान आजूबाजूला काहीतरी घडत होतं, घाई होती. त्या रविवारी कसलीच घाई नव्हती. दोस्त नव्हते. तालीम नव्हती. वस्तादांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. समोर एक बाई होती, तिने एक सरळ प्रश्न विचारला होता, आणि मी त्याच सराईतपणे खोटं बोललो.

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी येत्या रविवारी मी ते घेऊन तिच्या घरी जाणार आहे आणि तिच्या आईला, रेणुकाला, तिला, तिघींसमोर वाचून दाखवणार आहे. त्यानंतर सोमवारी व्यायामशाळेत, बाकावरच्या दोस्तांसमोर. यात बदल नाही. त्यांनी मध्येच उठवलं तर उठेन. तिने मला काही म्हणावं किंवा म्हणू नये, ते तिचं तिने ठरवायचं.

अंबिका, तू माझ्याकडे आलीस त्याच्या दहा वर्षं आधीपासून मला माहीत होतं. तू बाजूला घेऊन सांगितलंस तेव्हा माहीत होतं. फाटकापाशी तू विचारलंस तेव्हा माहीत होतं. त्या हळदीच्या जेवणात काही वाईट नव्हतं.